मुनेरबीचा मेहबूब

१९६९ चा पावसाळा महाराष्ट्राला जड गेला. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गेले, तेही अवघ्या ४८ व्या वर्षी. आणि २९ ऑगस्टला शाहीर अमर शेख मोटार अपघातात गेले. त्यांची ५३ वर्षं पुरी व्हायला जेमतेम दोन महिने उरले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या शब्दांवर मैदानं भरायची, ती तीन माणसं अडीच महिन्यांत एकामागोमाग नाहीशी झाली.

पुढच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत अत्र्यांवर भरपूर लिहिलं गेलं. अण्णा भाऊंना विद्यापीठांनी उशिरा का होईना दारं उघडली, २००२ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं, त्यांच्या कादंबऱ्या अनेक भाषांत गेल्या. अमर शेखांचं मात्र वेगळंच झालं. त्यांचं नाव निघालं की लोक आवाजाबद्दल बोलतात. तो पहाडी होता, बुलंद होता, ध्वनिक्षेपक बंद पडला तरी मैदानाच्या टोकापर्यंत पोचायचा. हे सगळं खरं आहे. पण हा माणूस गाणी लिहीत होता, कविता लिहीत होता. त्याचं नाटक छापलं गेलं, गीतसंग्रह निघाला, दोन काव्यसंग्रह निघाले. त्यानं नियतकालिकं चालवली, पडद्यावर भूमिका केल्या. आवाजाच्या लखलखाटात त्यातला लिहिणारा माणूस झाकला गेला, आणि तो झाकलेला भाग पुन्हा उजेडात आणायची वेळ आता आली आहे.

सुरुवात त्यांच्या जन्मगावापासून, बार्शीपासून करावी लागते. बार्शी सोलापूर जिल्ह्यात मोडते, पण शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला ती परकी कधीच नव्हती. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागातल्या शेतकऱ्यानं ज्वारी, तूर, हरभरा गाडीत घातला की बैलांची तोंडं आपोआप बार्शीकडे वळायची. ‘बार्शी तिथं सरशी’ ही म्हण अजून दोन्हीकडच्या तोंडी आहे. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी धावू लागली. १९११ पर्यंत ती लातूरला पोचली आणि येडशी, तडवळे, ढोकी, तेर ही गावं तिच्या वाटेवर आली. खुद्द धाराशिव शहर त्या मार्गावर नव्हतं. शहराला रेल्वे मिळाली ती रूळ रुंद झाले तेव्हा, या शतकात.

त्या छोट्या गाडीतून प्रवास करणारा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. बार्शी इंग्रजांच्या मुलखात होती, तर पलीकडचा जिल्हा निजामाच्या. १९०४ साली जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गाहून धाराशिवला आलं आणि पुढे त्या गावाला निजामाच्या नावावरून उस्मानाबाद हे नाव मिळालं. कायदे वेगळे, नाणी वेगळी, शाळेतली भाषाही वेगळी. शेतं, सण, सोयरीक आणि गाणी मात्र एकच. १९४७-४८ च्या रझाकारांच्या दिवसांत हद्दीपलीकडची कितीतरी कुटुंबं जीव मुठीत धरून बार्शी-सोलापूरकडे आली, ती या जुन्या येण्याजाण्याच्या भरवशावर.

अशा या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब मुसलमान कुटुंबात मेहबूब हुसेन पटेल जन्मला. आईचं नाव मुनेरबी. अमर शेखांच्या चरित्राचा धागा हातात धरायचा तर तो या बाईपासूनच धरावा. तिच्या गळ्यात लोकगीतं होती आणि लेकराला पहिलं गाणं मिळालं ते तिच्याकडून. या भागातल्या मुसलमान घरांत बोलणं मराठी, दळण मराठी आणि दळताना गायची ओवीही मराठीच असे. पहाटे जात्याच्या खुंट्याला हात घातला की भावाबद्दल, लेकीच्या सासराबद्दल, पंढरीबद्दल, पिराबद्दल, जे मनात असेल ते बाई गात असे. ओवी कुणी शिकवत नाही आणि कुणी लिहूनही ठेवत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा कुठं शहरातल्या वाचकाला या साठ्याचा अंदाज आला. मुनेरबीच्या ओव्या कुणी टिपल्या नाहीत. तिच्या मुलाच्या गाण्यांत त्यातल्या किती उतरल्या, हे आता मोजता येणार नाही. पण त्याच्या रचनांमधली बोली, ती ठसक्याची चाल आणि आईला हाक मारल्यासारखी जमिनीला मारलेली हाक घरातूनच आली आहे, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

मुसलमान माणूस मराठी शाहीर कसा, असं आज कुणाला वाटत असेल तर त्यानं थोडं मागं पाहावं. पेशवाईच्या काळातला सगनभाऊ हा मराठीतल्या अव्वल शाहिरांपैकी एक, तो मुसलमान होता. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठी संतपरंपरेत बसतात. आणि धाराशिवच्या परिसरात तर गाण्याला तोटा नाही. तुळजापूरला नवरात्रात चालत जाणाऱ्या आराध्यांचे मेळे, गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी आणि पोत, गोंधळ्यांचं संबळ-तुणतुणं, हलगीवर नाचणारा पोतराज, धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्यातला उरूस, तेरच्या गोरोबाकाकांच्या (संत गोरा कुंभारांच्या) समाधीपुढचं भजन. या मुलखात पोराच्या कानावर सूर पडायचे ते असे, धर्माची चौकशी न करता.

गाण्याची चैन घरात होती, पोटाची नव्हती. मेहबूब लहानपणीच कामाला लागला. बसगाडीवर क्लीनर झाला, गिरणीत कामगार झाला. बार्शी-सोलापूरचा पट्टा तेव्हा गिरण्यांचा होता आणि राजकारणानं तापलेला होता. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिली गेली. मेहबूब तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्या वयात शेजारच्या शहरात घडलेली अशी गोष्ट मुलगा विसरत नसतो. पुढं तो स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढला गेला, गिरणी कामगारांच्या संपात पुढं झाला आणि तुरुंगात गेला. नगर जिल्ह्यातल्या विसापूरच्या तुरुंगात त्याला कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकरांचा सहवास मिळाला. कम्युनिस्ट विचार त्यानं तिथं ऐकला आणि आपलासा केला. शाळा-कॉलेज नशिबी नसलेल्या त्या पिढीतल्या कितीतरी कार्यकर्त्यांचं शिक्षण असंच तुरुंगाच्या बराकीत झालं आहे.

काही काळ तो कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत होता. ‘अमर शेख’ हे नाव त्याला तिथल्या दिवसांत मिळालं, असं सांगतात. ज्यानं कुणी ते ठेवलं त्याला कान होता. दोन छोटे शब्द, हाळी देऊन पुकारता येतील असे.

मुंबईत ते आले तेव्हा शहर उकळत होतं. दुसरं महायुद्ध, ‘छोडो भारत’, बंगालचा दुष्काळ, गिरणगावातले संप. १९४३ साली इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे ‘इप्टा’, उभी राहिली आणि देशभरातले गायक, नट, कवी तिच्याभोवती जमले. मराठी कामगारवस्तीला तिच्या भाषेत, तिच्या चालीत गाणारं पथक हवं होतं. १९४४ साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक सुरू केलं. अण्णा भाऊ वारणेकाठच्या वाटेगावचे, गव्हाणकर कोल्हापूरकडचे आणि अमर शेख बार्शीचे. तीन दिशांची तीन माणसं गिरणगावात एका डफाभोवती उभी राहिली.

कलापथकाचं चालायचं कसं, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. पोवाड्यात शाहीर एकटा नसतो. त्याच्या मागं झीलकरी असतात, डफ, तुणतुणं, झांज, कधी ढोलकी असते. शाहीर कडवं संपवतो तिथं झीलकरी सूर उचलतात, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, श्रोत्यांवर नजर टाकतो आणि पुढचं कडवं किती लांबवायचं ते ठरवतो. मधे गद्य येतं. तिथं शाहीर गोष्ट सांगतो, कालची बातमी घालतो, समोरच्या गिरणीच्या मालकाला टोला हाणतो. म्हणजे छापील पोवाडा हा नुसता सांगाडा असतो, त्यावर मांस चढतं ते त्या रात्रीच्या श्रोत्यांमुळं. हे तंत्र शिवकाळापासूनचं आहे. लाल बावट्यानं त्यात नवे विषय घातले. स्टालिनग्राडची लढाई, काळाबाजार, खंडकरी शेतकरी, संपावरचा कामगार. अण्णा भाऊंनी तमाशातली गवळण बाजूला सारून तमाशाला नवं रूप दिलं. अमर शेखांनी त्या सगळ्याला गळा दिला आणि स्वतःचीही गाणी दिली. सरकारला या माणसांची भीती वाटू लागली, यात नवल नाही. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई सरकारनं त्यांच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. बंदी घातलेलं गाणं चाळींच्या गच्चीवर, कामगारांच्या खोल्यांत चालू राहिलं.

१९४७ साली त्यांनी कुसुम जयकर यांच्याशी लग्न केलं. मुलगा मुसलमान, मुलगी हिंदू, आणि साल फाळणीचं. त्या वर्षाच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना या एका ओळीतलं धाडस वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा आला. अमर शेखांच्या आयुष्यातला हा भाग सर्वांना थोडाफार ठाऊक असतो, तरी त्यावर थांबायलाच हवं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्च्यावर गोळीबार झाला. १९५६ च्या जानेवारीत पुन्हा गोळ्या चालल्या. शंभराहून अधिक माणसं या लढ्यात गेली. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिथून १ मे १९६० पर्यंत महाराष्ट्रात सभांचा जो हंगाम चालला, तसा पुन्हा झाला नाही. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, क्रांतिसिंह नाना पाटील हे वक्ते. पण वक्ता यायच्या आधी सभेला माणूस आणून बसवायचं, थंडीत, उन्हात, तास तास धरून ठेवायचं काम शाहिरांचं होतं. आत्माराम पाटील होते, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट आणि लीलाधर हेगडे होते, शाहीर साबळे होते. आणि अमर शेख होते. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेखांच्या गळ्यातून गावोगाव गेली. मुंबई, बेळगाव, कारवार हातचं जाण्याचं दुःख एका विरहगीतात बसवण्याची कल्पना अण्णा भाऊंची. ते दुःख लाखभर माणसांच्या छातीत उतरवणं हे गाणाऱ्याचं काम होतं.

धाराशिव जिल्ह्याचं या लढ्यातलं स्थान थोडं वेगळं होतं. जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत निजामाची राजवट संपली, पण मराठवाडा पुढची आठ वर्षं हैदराबाद राज्यातच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि बार्शी व धाराशिव कित्येक वर्षांनी एका राज्यात आले. शेतकरी कामगार पक्षाचं इथं मजबूत ठाणं होतं, भाई उद्धवराव पाटलांसारखा वक्ता इथला होता. राजकीय गाण्याला लागणारी जमीनही तयार होती. ज्या छोट्या रेल्वेवरून बार्शीचा माल जायचा, त्याच मार्गावरच्या कसबे तडवळ्यात फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. आंबेडकरी जलसे, शेकापच्या सभा, निजामविरोधी गाणी आणि लाल बावट्याचे पोवाडे हे सगळे प्रवाह एकाच पंचक्रोशीत वाहत होते. एका मांडवात जलसा ऐकलेला माणूस दुसऱ्या मांडवात पोवाडा ऐकत होता. अमर शेखांना या श्रोत्याची नाडी कळायची, कारण ते त्याच्यातलेच होते.

आणि झोळी. चळवळीला पैसा लागतो आणि गरिबांच्या चळवळीला तो गरिबांच्याच खिशातून मिळवावा लागतो. अमर शेख गाऊन झोळी फिरवायचे. संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी हे केलं, गोवामुक्तीच्या वेळी ते गायले, १९६२ साली चीननं आणि १९६५ साली पाकिस्ताननं हल्ला केला तेव्हाही ते जवानांसाठी गात हिंडले. चीनच्या प्रश्नावर कम्युनिस्ट पक्षात उभी फूट पडायच्या बेतात होती, पक्षातली मोठमोठी माणसं शब्द तोलून मापून बोलत होती. लोकशाहिराला कुणाच्या बाजूनं उभं राहायचं याबद्दल संभ्रम पडला नाही. त्यांच्या देशप्रेमात आणि त्यांच्या लाल बावट्यात कुठं भेग दिसत नाही, याचं कारण त्यांच्या लेखी दोन्हीकडचा माणूस एकच होता. सीमेवर उभा होता तो शेतकऱ्याचाच मुलगा.

आता लिहिणाऱ्या अमर शेखांकडे वळू.

१९५१ साली ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आला, त्याच साली ‘पहिला बळी’ हे नाटक. १९५८ साली ‘कलश’ हा काव्यसंग्रह, १९६३ साली ‘धरतीमाता’. छत्रपती शिवाजी महाराजांवर, उधमसिंगावर त्यांनी पोवाडे रचले. ‘युगदीप’ आणि ‘वक्त की आवाज’ ही नियतकालिकं त्यांनी संपादित केली. या दोन नावांतच त्यांचे दोन श्रोते दिसतात, एक मराठी आणि एक मुंबईच्या गल्लीत हिंदुस्तानी बोलणारा. ज्याचं औपचारिक शिक्षण तुटपुंजं, ज्याचे हात गाडीच्या वंगणात आणि गिरणीच्या सुतात काळे-पांढरे झालेले, त्यानं बारा वर्षांत एवढा छापील ऐवज मागं ठेवला. तोही दौरे, सभा, तुरुंग आणि बंदी सांभाळून.

अत्र्यांनी अमर शेखांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. अत्रे विशेषणं हात सैल सोडून वापरत, तरी हे नाव त्यांनी विचार करून घेतलं असावं. व्लादिमीर मायकोव्हस्की हा रशियन क्रांतीचा कवी, १८९३ ला जन्मलेला, १९३० ला गेलेला. तो कविता कामगारांच्या मेळाव्यांत उभा राहून म्हणायचा आणि त्याच्या ओळी कागदावरही तशाच पायरीपायरीनं उतरलेल्या असत, म्हणणाऱ्यानं कुठं थांबावं ते डोळ्यांना दिसावं म्हणून. अत्र्यांना दोघांतलं हे साम्य दिसलं असणार. दोघांचीही कविता उभ्यानं म्हणायची कविता होती. पण रशियन भाषेनं मायकोव्हस्कीला कवी म्हणून अभ्यासक्रमात घेतलं, त्याच्या एकेका ओळीवर ग्रंथ लिहिले. मराठी समीक्षेनं अमर शेखांना ‘शाहीर’ म्हणून वंदन केलं आणि कवींच्या पंगतीत पान मांडायचं राहून गेलं.

हे का झालं? त्या काळची मराठी कविता मर्ढेकरांच्या वाटेनं चालली होती. ती एकट्यानं, दिव्याखाली, ओळ पुन्हा पुन्हा वाचून समजून घ्यायची कविता होती. तिचं मोठेपण वादातीत आहे. पण तिच्या कसोट्या लावून समूहाच्या गाण्याचं मोल ठरवलं गेलं आणि त्या कसोट्यांवर ते गाणं उणं पडणार हे उघडच होतं. गाण्यातली पुनरुक्ती कागदावर कंटाळवाणी वाटते, मैदानात तीच श्रोत्याला ओळ पाठ करून देते. सोपा शब्द कागदावर ढोबळ वाटतो, मैदानात तो शेवटच्या रांगेतल्या माणसाला सोबत घेतो. नारायण सुर्व्यांचं ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ साली आलं आणि कामगाराच्या कवितेला साहित्यात मान मिळाला. सुर्वे ज्या गिरणगावातून आले, त्या गिरणगावाच्या कानाला राजकीय कवितेची सवय लावली होती ती लाल बावट्याच्या शाहिरांनी. सुर्व्यांना वाचणाऱ्यानं एकदा ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ही शेजारी ठेवून वाचावेत. वाट कुठून आली ते कळेल.

पडद्यावरचे अमर शेखही आठवायला हवेत. अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ या १९५४ च्या चित्रपटात ते होते. या चित्रपटाला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. पण त्यांचं खरं काम पाहायचं ते १९६१ च्या ‘प्रपंच’मध्ये. गदिमांच्या लेखणीतून उतरलेली ही एका गरीब कुंभार कुटुंबाची कथा. घरात पोरं पुष्कळ, मिळकत थोडी, डोक्यावर कर्ज. त्या घरच्या कारभाऱ्याची भूमिका अमर शेखांनी केली आणि कारभारणीची सुलोचनाबाईंनी. सभेत गर्जना करणारा हा माणूस इथं हळू आवाजात बोलतो, खांदे पाडून चालतो. गोरोबाकाकांच्या तेरहून फार लांब नसलेल्या गावात जन्मलेल्या माणसाला कुंभाराचं दारिद्र्य कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी अभिनय केला असं वाटतच नाही, इतकं ते घर त्यांच्या ओळखीचं दिसतं.

अमर शेखांची आठवण करून देणारा एक गायक दूर अमेरिकेतही होता. तिथल्या ओक्लाहोमा राज्यात १९१२ साली वुडी गथ्री नावाचा मुलगा जन्मला. त्याची आई त्याला जुनी लोकगीतं ऐकवायची. पुढं त्या मुलखात दुष्काळ आणि धुळीची वादळं आली, शेतकरी देशोधडीला लागले, आणि गथ्री गिटार घेऊन त्यांच्या मागोमाग गात हिंडला. त्यानं कामगार संघटनांसाठी गाणी लिहिली, १९४३ साली ‘बाउंड फॉर ग्लोरी’ हे आत्मकथन लिहिलं आणि १९६७ साली तो गेला. अमर शेखांहून चार वर्षांनी मोठा, त्यांच्या आधी दोन वर्षं गेलेला. दोघांची भेट कधी झाली नाही. पण एकाच काळात, जगाच्या दोन टोकांना, कोरड्या जमिनीतून आलेली ही दोन माणसं आईकडून मिळालेल्या चालींवर कष्टकऱ्यांचं राजकारण गात होती. गथ्रीची वह्या-पत्रं, चित्रं, ध्वनिमुद्रणं जपून ठेवली गेली आणि २०१३ साली ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात त्याच्या नावाचं केंद्र उघडलं. शाळेची मुलं तिथं जातात, त्याच्या हस्ताक्षरातली गाणी पाहतात. बार्शीला हे करता आलं असतं. अजूनही करता येईल.

इथं मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावानं अध्यासन आहे, आणि लोककलेच्या विद्यार्थ्यांसाठी ते मोलाचं आहे. घरातून आलेलं लेखनही आहे. त्यांची मुलगी मलिका अमर शेख १९५७ साली जन्मली, म्हणजे लढा ऐन भरात असताना. वडील गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती. पुढं ती स्वतः कवयित्री झाली. ‘वाळूचा प्रियकर’ हा तिचा संग्रह, नामदेव ढसाळांसोबतच्या संसारावरचं तिचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन मराठीत गाजलं. वडिलांवर तिनं ‘सूर एका वादळाचा’ हे पुस्तक लिहिलं आहे. मुनेरबी, अमर शेख, मलिका. आजीनं गायलं ते लिहिलं गेलं नाही, मुलानं गायलं आणि लिहिलं, नातीनं कागदावर आपला स्वतंत्र, बापापेक्षा वेगळा सूर लावला. एका घरातल्या तीन पिढ्यांत मराठी गाण्याचा हा प्रवास सामावला आहे. या तिघांना एकत्र वाचणारा अभ्यासक मराठीला मिळायला हवा. त्यातून मौखिक परंपरेतून छापील कवितेकडे माणसं कशी आली, हे पुस्तकी सिद्धांतांपेक्षा अधिक स्पष्ट कळेल.

कामाची निकड आणखी एका कारणानं आहे. १९५७ साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या पुढं गेला आहे. अमर शेखांना समोर उभं राहून ऐकलेली माणसं कळंबच्या, भूमच्या, परंड्याच्या, वैरागच्या खेड्यांत अजून भेटू शकतील, पण फार वर्षं भेटणार नाहीत. त्यांच्याकडे वेगळीच माहिती असते. कुठली गाणी गाववाल्यांनी पुन्हा म्हणायला लावली, कुठल्या कडव्यात शाहिरानं गावाचं नाव घातलं, झोळीत धान्य पडलं की नाणी, सभा कुणाच्या खळ्यावर झाली. यातलं काही कुठल्या वर्तमानपत्रात छापून आलेलं नाही. ओव्यांच्या बाबतीत राईरकर-पॉइटव्हाँ यांनी जे केलं, ते या गाण्यांच्या बाबतीत सोलापूर आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे मराठी विभाग करू शकतात. विद्यार्थी त्याच खेड्यांतून येतात, त्यांच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा मोबाईल असतो, आणि विचारायचं असतं ते बहुतेक वेळा त्यांच्याच आजोबांना.

त्यासोबत ‘अमरगीत’, ‘पहिला बळी’, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ ही चारही पुस्तकं एकत्र, टिपांसह, कुठलं गाणं कुठल्या प्रसंगी रचलं गेलं त्याच्या नोंदींसह छापायला हवीत. पोवाडे छापताना मधलं गद्य गाळू नये, कारण शाहिराची बुद्धी अनेकदा तिथंच दिसते. चालींची नोंद स्वरलिपीत व्हावी. जुनी ध्वनिमुद्रणं कुणाच्या घरी, कुठल्या पेटीत असतील ती शोधावीत. आणि हे पुस्तक बार्शीत प्रकाशित झालं तर त्याची पहिली प्रत धाराशिवच्या वाचनालयात यावी, कारण ज्या मुलखानं हा गळा घडवला तो मुलूख जिल्ह्याच्या हद्दीवर संपत नाही.